ओट्यावरची केळ्यांची सालं

"पोरी, एक ध्यानात ठेव. आपल्या घरात बाईला खरं सगळ्यात शेवटी सांगत्यात. जायच्या आधी एकाला तरी लेकीची शपथ घालून ठेव."

वच्छलाआत्या हे बोलल्या तेव्हा शिवकन्या पलंगावर बॅग पसरून बसली होती आणि सव्वा वर्षाची रेणू बॅगेतले मोजे एकेक करून बाहेर फेकत होती. शिवकन्या हसली. म्हणाली, आत्या, ते दिवस गेले आता, मी रोज व्हिडिओ कॉल करणार, लेक डोळ्यांसमोर असणार आहे माझ्या. आत्यांनी खाली पडलेल्या मोज्यांची जोडी लावली आणि परत बॅगेत ठेवली.

"फोनात तेवढंच दिसतं, जेवढं धरणारा दाखवतो."

हे बोलायचा आत्यांना हक्क होता. शिवकन्येचे सासरे तात्यासाहेब, त्यांची ही धाकटी बहीण. औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचे यजमान नानासाहेब कन्नडच्या घाटात जीप उलटून गेले, जागीच गेले. पण तात्यासाहेबांनी आत्यांना सांगितलं, पाय मोडलाय, दवाखान्यात ठेवलंय, बायकांनी तिकडं यायचं काम नाही. आत्यांनी डबा भरून दिला. सकाळचा दिला, संध्याकाळचा दिला. भाकरी, पातळ वरण आणि नानांना आवडतो म्हणून लसणाचा ठेचा. डबा नेणाऱ्या दिरानं रिकामा डबा परत आणून दिला आणि सांगितलं, दादा जेवले. नानांचा मुंबईचा भाऊ पोचला, तिरडीचं सामान आलं, तेव्हा कुठं आत्यांना उठवून खरं सांगितलं. तो डबा कुणी खाल्ला, की कुत्र्याला घातला, हे आत्यांनी कधी विचारलं नाही. पण 'दादा जेवले' हे दोन शब्द त्यांच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले ते बसलेच.

शिवकन्येला हे सगळं ठाऊक होतं. पण जुनी गोष्ट, जुनी माणसं, असं म्हणून तिनं ती बाजूला सारली. ती शिकलेली, तिचा नवरा रामेश्वर शिकलेला, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर. ती स्वतः डॉक्टर, गारखेड्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टी सांभाळायची. हॉस्पिटल घरापासून इतकं जवळ की चुलीवर चहा ठेवून निघावं आणि उतू जायच्या आत पोचावं. हे हॉस्पिटलचं जवळ असणं ध्यानात असू द्या.

तिला बोलावणं आलं होतं लिस्बनहून. पोर्तुगाल देशात तातडीच्या उपचारांवरची मोठी परिषद होती. तिथं एक भाषण, आणि पुढं आठवडाभर तिथल्या सरकारी दवाखान्यात पाहुणी डॉक्टर म्हणून कामकाज बघायचं. तिच्या भाषणाचा विषय तिनं कॅज्युअल्टीतच वेचला होता: पेशंट आमच्या दारात पोचायच्या आधी घरात काय काय करतात आणि त्यात किती वेळ जातो. साप चावला की दोरी आवळतात, भाजलं की टूथपेस्ट फासतात, लेकरानं काही गिळलं की केळी चारतात. नातेवाइकांना दरडावून, समजावून, कधी चहा पाजून तिनं ही माहिती गोळा केली होती.

घर आनंदानं नुसतं उधाणलं. तात्यासाहेबांनी कॉलनीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. पांढऱ्या कोटातली शिवकन्या, मागं विमान, खाली 'आमच्या सूनबाई सातासमुद्रापार'. कन्नडच्या भाऊबंदांनी सत्काराची तारीखसुद्धा धरली. सासूबाई आशाबाई म्हणाल्या, तू बिनघोर जा, रेणूला मी बघते. आणि त्या बघायच्याही, यात खोट काढायला जागा नाही. रेणूच्या तोंडात त्यांनी कधी गार घास घातला नाही. थंडीच्या दिवसांत तर केळ्याला घरात बंदी. केळ्यानं छाती भरते, हा त्यांचा ठाम कायदा.

निघायच्या आदल्या दिवशी शिवकन्या घरभर रांगली. खरोखर रांगली, रेणूच्या उंचीवरून घर कसं दिसतं ते बघत. सोफ्याखालची टाचणी काढली, प्लगांना झाकणं लावली, फिनेलची बाटली माळ्यावर चढवली. देवघरापाशी मात्र ती थांबली. ते आशाबाईंचं राज्य. तिथली समईसुद्धा सुनेनं हलवायची नाही. दिवाळीत गुलमंडीवरून आणलेली बॅटरीवरची पणती तिथंच खालच्या पायरीवर लुकलुकत असायची. ती शिवकन्येनं पाहिली, आणि पाहून पुढं गेली.

लिस्बनच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, गळ्यातल्या पट्ट्यावर आपलं नाव लटकवून, ती बोलली आणि चांगलं बोलली. केळ्यांचा मुद्दा आला तेव्हा लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं विचारलं, केळंच का? तिनं सांगितलं, केळं बुळबुळीत असतं, गिळलेली वस्तू त्याच्याबरोबर घसरत खाली जाईल असा समज आहे. वर हसतहसत म्हणाली, आमच्याकडं एक्स-रेच्या आधी फळवाला गाठतात. हॉल पुन्हा हसला. टाळ्या पडल्या.

ते हसू पुढं कित्येक दिवस तिच्याच घशात अडकून राहायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला. इकडं दिवेलागण झालेली. फोन आशाबाईंनी उचलला, पण धरला लांब. स्वयंपाकघरात खाली सतरंजीवर रेणू बसलेली. एरवी आईचा आवाज आला की फोन चाटायला धावणारी पोर, आज मान वर ताणून नुसती बसून होती. झबल्याचा पुढचा भाग लाळेनं ओलाचिंब. शिवकन्येनं विचारलं तर आशाबाई म्हणाल्या, दात येतायत. जेवली का, तर जेवली. खेळली का, तर खेळली. सगळी उत्तरं लगोलग, पाठ केल्यासारखी. आशाबाईंना तर साध्या प्रश्नालाही आधी 'अगं बाई' म्हणायची सवय.

शिवकन्या उत्तरं ऐकत नव्हती, बघत होती. आशाबाईंच्या हातातला फोन कलला आणि क्षणभर ओटा दिसला. ओट्यावर केळ्यांची सालं पडली होती. एकदोन नाहीत, ढीग.

ऐन थंडीत, आशाबाईंच्या स्वयंपाकघरात.

ती म्हणाली, "आई, रेणूनं काय गिळलंय?"

तेवढ्यात रामेश्वरनं फोन घेतला. चेहरा भरून हसत म्हणाला, भाषण कसं झालं ते सांग आधी, टाळ्या पडल्या का? तिनं पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच, खा-प्या, फिर, इकडची काळजी करू नको, रेंज जातेय बघ. आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. तात्यासाहेबांना लावला, त्यांनीही उचलला नाही. परदेशातल्या त्या चकाचक हॉलमध्ये, जिथं जगभरातले तातडीचे डॉक्टर हातात ताटल्या घेऊन उभे होते, तिथं तिला स्वतःच्या घरात शिरायला दार सापडेना.

मग तिला आत्यांचे शब्द आठवले. तिनं औरंगपुऱ्यात फोन लावला आणि एवढंच म्हणाली, आत्या, तुमचं खरं झालं, रेणूला बघून या.

आत्यांनी ना का विचारलं ना कसं. अंगावरच्या लुगड्यानिशी खाली उतरल्या, रिक्षा केली, वाटभर रिक्षावाल्याला दामटत गारखेड्यात पोचल्या. तात्यासाहेब दारातच आडवे आले. म्हणाले, तू कशाला आलीस आता, पोर झोपतेय. आत्या थोरल्या भावासमोर जन्मात मान वर करून बोललेल्या नव्हत्या. आजही बोलल्या नाहीत, त्यांना बाजूला सारून चपलांसकट स्वयंपाकघरात गेल्या, रेणूला उचललं आणि शिवकन्येला फोन लावला.

"पोरी, तुझ्या लेकीनं सकाळी पूजा झाल्यावर कायतरी चमकतं गिळलंय. हे पैसा म्हणत्यात. लाळ थांबना झाली, पाणी नाकातून येतंय, अन् रडायला आवाज फुटंना. लेकरू बरं नाय. मी खोटं सांगणार नाय तुला."

शिवकन्येनं त्यांना एकेक वस्तू बघायला लावली. गाडीच्या किल्लीचं रिमोट? शाबूत. टीव्हीचं? शाबूत. मग तिला ती लुकलुकणारी पणती आठवली. म्हणाली, देवघरातली पणती बघा. आत्या देवघरात गेल्या, पणती उलटी केली. तळाचं झाकण नव्हतं, आतला खळगा रिकामा.

जी चपटी गोल बॅटरी त्यात बसते, ती पैशासारखी दिसते आणि पैशासारखी वागत नाही. ओल्या अन्ननलिकेत अडकली की ती पहिल्या तासाभरातच आतून जाळायला लागते. धूर नाही, आग नाही, लेकरू फक्त लाळ गाळतं. शिवकन्येला हे पाठ होतं. ज्या घरात ती सून होती, त्या घरात सकाळपासून तिची लेक जळत होती आणि नवरा तिला विचारत होता, टाळ्या पडल्या का.

तिनं सांगितलं, तोंडात आता काहीही घालू नका, थेंबसुद्धा नाही, आणि आत्ता उचलून माझ्या हॉस्पिटलात न्या. आत्या तशाच निघाल्या. रिक्षा त्यांनी थांबवूनच ठेवली होती. रामेश्वर मागून धावत आला, ते कसं का होईना आला. तिकडून शिवकन्येनं तिच्या जोडीची डॉक्टर नुसरत हिला फोन लावला, दुर्बिणीच्या डॉक्टरांना बोलवायला लावलं आणि स्वतः विमानतळाच्या वाटेला लागली. पाहुण्या डॉक्टरचा आठवडा तिथंच संपला.

विमानात फोन चालत नाही. वाटेत एका विमानतळावर थांबली तेव्हा नुसरतचा निरोप आला होता: बॅटरी निघाली, पोर जिवंत आहे, बाकी येऊन बघ. त्या 'बाकी'वर शिवकन्येनं उरलेला प्रवास काढला. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे का. काय सांगणार.

कॉलनीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स तसाच होता. तिची रिक्षा त्याच्याच खालून हॉस्पिटलकडं वळली.

रेणू लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात होती. नाकातून नळी, हाताला फळी बांधून सलाईन. आईला पाहून तिनं तोंड उघडलं, चेहरा रडण्याचा केला, आणि फाटका कागद घासावा तसा आवाज आला. शिवकन्येनं असल्या आवाजाची लेकरं पाहिली होती. त्या लेकरांच्या आयांना 'धीर धरा' असं तिनंच सांगितलं होतं.

नुसरतनं एक्स-रे उजेडात धरला. पैशाची कडा एकेरी दिसते, इथं कडेच्या आत दुसरी कडा. बघताक्षणी कळावं असं चित्र. दुर्बीण घातली तर समोर आधी केळ्याचा लगदाच. तो उपसण्यात वेळ गेला, भूल देणाऱ्याला घाम फुटला. खाली अन्ननलिका काळी पडलेली. नुसरत शांत डोक्याची बाई, पण तिचाही आवाज चढला.

"इत्ता पास घर, चल के आए तो भी होता. फिर भी शाम कर दिए लोगां. कायको?"

कायको, हे शिवकन्येनं बाहेरच्या बाकावर बसलेल्या रामेश्वरला विचारलं. तो अडखळत सांगत गेला. सकाळी आईनं रेणूला तोंडात काही घालताना पाहिलं. देवघरातल्या सुपारीजवळचा पैसा असेल असं वाटलं. तो रेणूला घेऊन निघालाही होता, चप्पल पायात घातली होती. पण तात्या म्हणाले, तिकडं नको. ते सूनबाईंचं हॉस्पिटल. वॉचमनपासून सिस्टरपर्यंत सगळे तिला ओळखतात, कुणीतरी लगेच फोन करेल, ती भाषण टाकून निघून येईल, एवढी नाचक्की कशाला. दुसरीकडं न्यावं म्हटलं, तर तात्यांच्या सकाळच्या फिरण्यातले एक गृहस्थ म्हणाले, पैसाच ना, केळी चारा, उद्या पडेल. तात्यांनी स्वतः बाजारात जाऊन घड आणला.

"म्हणजे," शिवकन्या म्हणाली, "मी इथली डॉक्टर आहे, म्हणून माझ्या लेकीला इथं आणलं नाही."

रामेश्वर म्हणाला, "तुझं इतक्या वर्षांचं काम होतं गं. मला वाटलं, भाषण तेवढं होऊन जाऊ दे, मग सांगू."

"झालं भाषण. टाळ्याही पडल्या. आता त्या टाळ्या तू गिळून दाखव."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. बाई भडकली, शांत होईल, असं म्हणता आलं असतं. त्यानं हात धरू पाहिला, तिनं हात काढून घेतला.

तात्यासाहेब आले ते व्यवहाराचं बोलायला. झालं गेलं गंगेला मिळालं, पोर वाचली, देवानं तारलं. आता चारचौघांत वाच्यता नको. पाहुण्यांना न्यूमोनिया सांगितलाय, तोच सगळ्यांनी धरून चालायचा. सत्कार महिनाभर पुढं ढकलू. शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं. सासऱ्यांसमोर ती आजवर 'हो तात्या'पलीकडं बोलली नव्हती.

"तात्या, नानासाहेब गेले तेव्हा पाय मोडल्याचं सांगितलंत, आता रेणूला न्यूमोनिया. तुमच्या घरात माणसं कशानं मरतात ते एकदा मला खरं सांगून ठेवा. मी डॉक्टर आहे, मला लागतं ते."

आत्या बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. तात्यासाहेब बहिणीकडं न बघता निघून गेले.

मग भेटायला येणारे सुरू झाले. दवाखान्यात भेटायला येताना आपली माणसं काय आणतात? केळी. पहिले आले ते कन्नडचे चुलतसासरे आप्पासाहेब, पिशवीत डझनभर वेलची केळी. न्यूमोनिया कसा झाला, थंडीनं का, अशी चौकशी करू लागले. शिवकन्येनं पिशवी त्यांच्या हातात परत दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पणती, बॅटरी, केळी, आणि जवळचं हॉस्पिटल सोडून दिवसभर घरात ठेवलेली पोर. नंतर मामेसासू आल्या, त्यांना सांगितलं. कंपनीतले आले, त्यांनाही. रामेश्वर तिथंच उभा असायचा. प्रत्येक वेळी त्यालाही ऐकावं लागायचं, आणि ऐकावंच असं तिला वाटायचं. घरातून निरोप यायला लागले, पुरे कर, लाज काढतेस. तिनं पुरे केलं नाही.

आशाबाई तेवढ्या कोपऱ्यात बसून असायच्या. जेवत नव्हत्या, कुणाशी बोलत नव्हत्या. शिवकन्या त्यांच्याशीही बोलत नव्हती. दात येतायत, हे तिच्या कानातून जात नव्हतं. एके दुपारी तात्यासाहेबांचे तेच फिरण्यातले गृहस्थ आले, केळ्यांचा सल्ला देणारे. नात कशी आहे म्हणाले. शिवकन्या उठणार, तोच आशाबाई उठल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "बॅटरी गिळली होती तिनं, माझ्या देवघरातली. तुम्ही केळी म्हणालात, मी चारली. पोर थुंकत होती तरी बोटानं कोंबली. मी दोनदा म्हणाले, सुनेला फोन लावू. ह्यांनी लावू दिला नाही. आणि मी लावला नाही, कारण ती मला बोलेल म्हणून मी भ्याले. आता जा तुम्ही."

ते गेले. आशाबाई परत कोपऱ्यात बसल्या नाहीत, शिवकन्येच्या शेजारी येऊन बसल्या. शिवकन्येनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण उठलीही नाही.

रेणू आता घरी आहे. अन्ननलिका आकसते, म्हणून थोड्या थोड्या आठवड्यांनी भूल देऊन ती रुंद करावी लागते. पातळ पेज जाते. वरणभात जाईल की नाही, हे कुणी सांगत नाही, आणि यावेळी ते न सांगणं खरं आहे, कारण कुणाला माहीतच नाही. हसते ती, पण आवाज खरखरीत. देवघरात आता तेलाची समई असते. फ्लेक्स शिवकन्येनं स्वतः स्टुलावर चढून उतरवला. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलते. लोक म्हणतात, किती दिवस धरून ठेवशील. ज्या दिवशी रेणू आत्यांच्या हातची भाकरी खाईल, त्या दिवशी विचारा म्हणावं.

आत्या रोज संध्याकाळी येतात. फोनवर विचारत नाहीत, येतात. रेणूला मांडीवर घेऊन दाराच्या उजेडात बसतात, तिच्या तोंडात बघतात, मग शिवकन्येला ड्यूटीवर कळवतात, आज पेज दोनदा परतली, आज एकदाच.

तुमच्याही ओळखीत एखादी असेल. लेकरू मागं ठेवून शिकायला, नोकरीला, नाहीतर माहेरच्या दुखण्याला लांब गेलेली. तिला रोज फोनवर सगळं मजेत असल्याचं सांगत असतील. तुम्ही जवळ राहत असाल तर आज तिच्या घरी जा. दारात कुणी म्हणेल, पोर झोपलंय. तरी आत जा. लेकराला उचला, उजेडात न्या, त्याचं रडणं नीट ऐका, ओट्यावर एक नजर टाका. आणि मग जे दिसलं ते तिला सांगा, जसंच्या तसं.